बाजूचं काळं

दिवाळीच्या सुट्टीत बहिणीचा पोरगा आठ दिवस आमच्याकडं साताऱ्याला राहायला होता. नववीत आहे. दिवसभर मातीचा किल्ला, फटाके, गल्लीतली पोरं, आणि रात्री जेवणं झाली की गादीवर पालथं पडून मोबाईल. एका रात्री मी म्हणलं चल, आज माझ्या आवडीचं काहीतरी बघ, आणि त्याच्याच फोनवर 'पथेर पांचाली' हा जुना बंगाली सिनेमा लावला. सगळा नाही, फक्त रेल्वेचा तुकडा, कारण सगळा बघ म्हणलं असतं तर तो उठूनच गेला असता. दुर्गा आणि अपू, बहीणभाऊ, पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांच्या रानात बसल्यात, ऊस चघळतायत, तारेच्या खांबातनं घूं घूं आवाज येतोय, आणि मग लांबनं धूर दिसतो. मी पडद्याकडं बघतच नव्हतो, मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. आता काहीतरी होणार असं मला वाटत होतं. तो म्हणाला, "मामा, बाजूला हे काळं का येतंय?" आणि मी काही बोलायच्या आत त्यानं काचेवर दोन बोटं ठेवून फाकवली. दोन्हीकडच्या काळ्या पट्ट्या गेल्या, चित्र फोनभर झालं, आणि दुर्गाचं कपाळापासून वरचं डोकं गेलं. आभाळ गेलं. तुऱ्यांचे शेंडे गेले. खाली पाय गेले.

"अरे, डोकं गेलं की तिचं," मी म्हणलं.

"कळतंय की मामा. रेल्वे बघायला पळाल्यात."

खरंच त्याला कळलं होतं. पळाल्यात, रेल्वे बघायला. त्यात चुकीचं काही नव्हतं आणि मला पुढं काही बोलताच आलं नाही. त्यानं अजून दोन मिनिटं माझ्यासाठी बघितलं, मग 'छान आहे' म्हणून फोन चार्जिंगला लावला आणि झोपला. मी मात्र अंधारात जागाच. एवढ्या तेवढ्या गोष्टीनं एवढं का लागावं हे मला कळेना. ती फाकणारी दोन बोटं डोळ्यापुढनं जाईनात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी चक्क हिशोब केला. तो जुना सिनेमा जवळजवळ चौकोनी, उंची एक धरली तर रुंदी १.३७. त्याचा फोन लांबोळका, २०:९. फोन भरायचा म्हणलं तर चित्राच्या उंचीतलं ३८ टक्के कापावं लागतं. म्हणजे पोळीचा तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त तुकडा तोडून बाजूला ठेवायचा आणि उरलेली ताटभर पसरायची.

आणि त्या तुकड्यात काय नव्हतं? तो शॉट मी किती वेळा बघितलाय मोजलं नाही. खाली पांढरं रान, वाऱ्यानं एका अंगाला झुकलेलं, वर मोकळं आभाळ, आणि दोघांच्या मधनं काळ्या धुराची रेघ सरकत जाते. आभाळ जास्त आहे म्हणून पोरं लहान दिसतात. पोरं लहान दिसतात म्हणून ती रेल्वे एवढी मोठी वाटते, मग ती लांब का असेना. कुणीतरी तिथं उभं राहून ठरवलं होतं की आभाळ इतकं घ्यायचं. ते ठरवणारे दिग्दर्शक सत्यजित राय, आणि कॅमेऱ्यामागं सुब्रत मित्र, विशीतले, ज्यांनी त्याआधी सिनेमाचा कॅमेरा कधी चालवलेलाच नव्हता. ऑक्टोबर १९५२ मध्ये पहिल्या दिवशी हेच रान शूट केलं, उरलेलं पुढच्या आठवड्यात करू म्हणून परत आले तर गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकलेले. मग पुढच्या वर्षी तुरे येईपर्यंत थांबले. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गुरांचा राग आला नाही, कारण आमच्याकडं उसाचं वाढं समोर दिसल्यावर गुरं काय करतात हे मी लहानपणापासनं बघतोय. आणि खरं सांगायचं तर पहिल्यांदा सिनेमा बघताना मला तो ऊसच वाटला होता, तुरा आलेला ऊस. थंडीत कृष्णाकाठानं रहिमतपूरकडं, कोरेगावकडं जावा, तुरा आलेली रानं संध्याकाळच्या उन्हात अशीच चांदीसारखी दिसतात. नंतर कळलं की ते काश नावाचं गवत, आणि काश आणि ऊस एकाच कुळातले, भाऊबंदच म्हणायचे. म्हणजे माझ्या डोळ्यांनी अगदीच काही चूक केली नव्हती. शेतकरी मात्र तुरा आला की कपाळाला हात लावतो, कारण उसाची वाढ थांबते, वजन घटतं. माझ्या चुलत्यांच्या रानाला तुरा आला होता त्या वर्षी मी बांधावर उभं राहून 'काय दिसतंय हे' म्हणलं आणि ते काही न बोलता पुढं निघून गेले. ते मला आजही आठवतं आणि आजही तुरा सुंदरच दिसतो. दोन्ही खरं.

मला हे असं बघायचं वेड कुठनं लागलं असं कुणी विचारलं तर मी वाईचं नाव घेईन. माझं आजोळ वाईला, घाटाजवळच्या एका जुन्या वाड्यात. वाड्याला मधे चौक. मे महिन्यात भर दुपारी बाहेर डोळे उघडवत नव्हते इतकं ऊन, पण चौकाच्या सोप्यात बसलं की उजेड असा मऊ, सगळीकडनं सारखा यायचा, कुणाच्या तोंडावर काळी सावली नाही, आजीच्या हाताच्या शिरा आणि तिच्या सुपातला तांदळाचा दाणान् दाणा दिसायचा. मी तासन् तास तिथं बसायचो आणि मला काय आवडतंय ते सांगता यायचं नाही. पुढं कितीतरी वर्षांनी 'पथेर पांचाली'चा पुढचा भाग, 'अपराजितो', बघताना काशीच्या त्या घराचा चौक आला आणि मी एकदम ताठ बसलो. हा तर आमचा उजेड! १९५६ चा सिनेमा, आणि तो चौक काशीतला नव्हताच, स्टुडिओत उभा केलेला सेट होता. सुब्रत मित्रांनी सेटवर वरनं पांढरं कापड ताणलं आणि दिवे सरळ माणसांवर न मारता त्या कापडावर मारले, म्हणजे उजेड तिथनं परतून, आभाळातनं पाझरल्यासारखा खाली येईल. तेव्हा दिवे थेट चेहऱ्यावर टाकायची रीत होती. या माणसानं चौकातला उजेड डोळ्यात साठवून ठेवला असणार आणि तो मिळेपर्यंत गप्प बसला नसणार. मला काय आवडायचं हे त्या दिवशी मला कळलं, आजी जाऊन दहा वर्षं झाल्यावर. तिला सांगायचं राहिलं.

त्याच वाड्यात माळ्यावर कौलाच्या फटीतनं कवडसा यायचा. कवडसा हा शब्दच मला इतका आवडतो की तो शब्द उच्चारला तरी धूळ तरंगताना दिसते. आम्ही पोरं मुद्दाम पोतं झटकायचो, म्हणजे कवडशाला जाडी येते. 'कागज़ के फूल'मधला तो प्रसिद्ध उजेडाचा झोत म्हणजे तरी दुसरं काय, मोठ्या माणसांनी झटकलेलं पोतंच. छायाचित्रकार व्ही. के. मूर्तींनी त्यासाठी स्टुडिओबाहेरचं ऊन दोन मोठ्या आरशांवर घेऊन आत फेकलं होतं. १९५९ साल, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप सिनेमा. एवढा रुंद पडदा हातात आल्यावर कुणीही त्यात गर्दी भरली असती, घोडे, महाल, नाचणाऱ्या पन्नास बायका. गुरुदत्त आणि मूर्तींनी त्यात रिकामा स्टुडिओ ठेवला आणि दोन माणसं एकमेकांपासनं लांब उभी केली. मधलं अंतर हाच सगळा मजकूर. मी तो पहिल्यांदा केबलवर बघितला होता, कडा कापून टीव्हीच्या चौकोनात बसवलेला, आणि मला आठवतंय, मला वाटलं की लोक याचं एवढं कौतुक का करतात. एका वेळी एकच माणूस दिसत होतं, दुसऱ्याचा कधी नुसता खांदा. दोन माणसांमधलं अंतर दाखवायला दोन्ही माणसं दिसावी लागतात, एवढी साधी गोष्ट आहे. नंतर पूर्ण रुंदीत बघितला तेव्हा घशात काहीतरी अडकलं. गोष्ट आधीच माहीत होती, तेव्हा ते गोष्टीमुळं झालेलं नव्हतं.

भाचा म्हणाला ते 'कळतंय की' खोडायला माझ्याकडं एक जुना पुरावा आहे, पण तो त्या रात्री सुचला नाही. आमच्या लहानपणी साताऱ्याच्या टॉकीजमध्ये रीळ बदलताना कधीकधी फिल्म नीट बसायची नाही आणि चित्र वर सरकायचं. पडद्याच्या वरच्या भागात हिरोचे पाय, मधे काळी आडवी पट्टी, आणि खाली हिरोचं डोकं. खालच्या बाकड्यावरचे सगळे एका सुरात ओरडायचे, "ए ऑपरेटर, फ्रेम लाव!" शिट्ट्या, खुर्च्या आपटणं. त्यातले निम्मे मार्केट यार्डात पोती उचलून आलेले असायचे, काहीजण एमआयडीसीतली दुसरी पाळी चुकवून. डायलॉग तर नीट ऐकू येत असायचे, म्हणजे गोष्ट कळतच होती. तरी कुणीही ते दहा सेकंद सुद्धा सहन करायचं नाही. आणि स्कोपचा सिनेमा असला की सुरुवातीला पडद्याच्या बाजूचे काळे पडदे घरघर करत अजून लांब सरकायचे आणि पडदा वाढत जायचा, त्याला सुद्धा शिट्ट्या पडायच्या, सिनेमा सुरू व्हायच्या आधीच. माझ्या अंगावर तेव्हा काटा यायचा. आता वाटतं त्या शिट्ट्या जागेसाठी होत्या. एवढी जागा आपल्याला दिली म्हणून.

आता एक गोष्ट सांगायची आहे जी मी खूप वर्षं कुणाला सांगितली नव्हती.

आमच्या मूळ गावी गणपतीत शेवटच्या दिवसांत गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे. देवळासमोर दोन बांबू, मधे पांढरं कापड, मशीनचा कर्रर्र आवाज, आणि उजेडाच्या झोतात घिरट्या घालणारे किडे. आम्ही देवळाच्या बाजूला बसायचो, पोती अंथरून. पडद्याच्या पलीकडं पण माणसं असायची, कापडातनं चित्र तिकडं पण उमटायचंच. वर्गातला माझा एक मित्र तिकडं बसायचा. एकदा मध्येच उठून मी त्याच्याकडं गेलो. तिकडनं सगळं उलटं. नावं उलटी, हिरो डाव्या हातानं गोळी मारतोय, आणि चित्र जरा फिकट, कापडाच्या विणीचं दिसणारं. मी म्हणलं, "उलटं दिसतंय रे." तो म्हणाला, "इकडनं पण दिसतंय की." मला गंमत वाटली होती. गर्दी होते म्हणून निम्मी माणसं तिकडं बसतात असंच मला वाटायचं, आणि मी ते कधी कुणाला विचारलं नाही कारण विचारण्यासारखं त्यात काही दिसलंच नाही.

मग २००४ च्या डिसेंबरात 'स्वदेस' आला. त्यातलं गाव गोष्टीत उत्तर प्रदेशातलं, पण दिसतं ते बरंचसं आपलं वाईशेजारचं मेणवली, त्यामुळं आम्ही घरचं कार्य असल्यासारखे बघायला गेलो होतो. मामी तर पडद्यावरच्या पायऱ्या ओळखत होती, ही आपली, ही पण आपली. आणि मग तो प्रसंग आला. गावात रात्री पडदा लागलाय, एका बाजूला गावातली वरच्या जातीची माणसं, पडद्याच्या मागं बाकीची, त्यांना सिनेमा उलटा दिसतोय. कॅमेरा आधी एका बाजूला असतो, मग दुसऱ्या. कुणी भाषण करत नाही की बघा हा अन्याय. वीज जाते आणि तो पडदा खाली येतो, आणि दोन्हीकडची माणसं एकाच चौकटीत येतात. आजूबाजूला टाळ्या वाजत होत्या. मी अंधारात बसून आमच्या गल्लीतली माणसं एकेक करून आठवत होतो, कोण इकडं बसायचं, कोण तिकडं. गर्दीचा प्रश्नच नव्हता. पोत्यांवर कितीतरी जागा असायची.

त्या सिनेमाच्या छायाचित्रणासाठी महेश अणे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. घाटाच्या त्या पायऱ्या, झाडांमधनं येणारं ऊन, सगळं देखणं आहेच. पण मला सगळ्यात आधी तो पडदाच आठवतो, कारण कॅमेरा कुठं ठेवायचा, पडद्याच्या या अंगाला की त्या, एवढ्या एका निर्णयानं मला माझ्याच गावातली गोष्ट वीस वर्षांनी दाखवली. पुढं 'फँड्री' बघताना पुन्हा तसंच झालं. काठीला बांधलेलं डुक्कर खांद्यावर घेऊन ते कुटुंब शाळेच्या भिंतीपुढनं जातं आणि भिंतीवर आंबेडकर आणि इतर समाजसुधारकांची चित्रं. कॅमेरा कुणालाच धक्का देत नाही, नुसता उभा राहून त्यांना भिंतीसमोरनं जाऊ देतो. आणि शेवटचा दगड सरळ आपल्याकडं येतो. कॅमेरा त्या वेळी माझ्या जागी होता, म्हणजे मी देवळाच्या बाजूला बसलेलो होतो तिथं. त्या मित्राला नंतर भेटलो का? भेटलो, दोनदा, लग्नकार्यात. सिनेमाचा विषय निघाला नाही. मी काढला नाही.

परवा दिवाळी संपत आली तेव्हा आम्ही भाच्याला घेऊन मेणवलीला गेलो होतो. फडणीसांचा वाडा बघितला, मग खाली घाटावर. तो सगळीकडं फोन उभा धरून व्हिडिओ काढत होता आणि मला आतनं वाटत होतं की सांगावं, आडवा धर रे, नदी आडवी आहे. पण चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतली ती मोठी घंटा जिथं टांगलीय त्या छोट्या देवळापाशी तो खाली बसला, अगदी फरशीला टेकून, फोन उभाच, आणि खालनं वर घंटा घेतली. मी वाकून बघितलं. खाली पायरी, मधे घंटेचं काळं पोट, वर कमान आणि कमानीतनं आभाळाचा एक तुकडा. त्या घंटेला उभी चौकटच हवी होती. मी गप्प बसलो. पोराला दिसतं. मला ज्या आकारात दिसतं त्या आकारात दिसत नाही एवढंच. हे कबूल करताना मला बरं पण वाटलं आणि थोडं एकटं पण वाटलं.

घरी आलो. रात्री जेवताना तो भिंतीकडं बघत होता. तिथं अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा फोटो आहे, हार घातलेला. ते गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा नीट फोटोच नव्हता, मग मीच एका लग्नातला जुना ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत गेलो होतो आणि सांगितलं होतं, फक्त यांचं काढा, बाकीचे नकोत. त्यानं चेहरा मोठा केला, मागं निळा रंग भरला, तिसऱ्या दिवशी फ्रेम करून दिली. एवढी वर्षं झाली, रोज त्याच्यासमोर उदबत्ती लावतो.

"मामा, आजोबांच्या खांद्यावर ही बोटं कुणाची?"

मी उठून जवळ गेलो. डाव्या खांद्यावर, कोटाच्या कापडावर, चार बोटं. मागनं कुणीतरी हात ठेवलेला. निळा रंग भरणाऱ्यानं मनगटापासनं पुढचं सगळं पुसलं होतं पण बोटं कोटावर होती म्हणून राहिली. मी हा फोटो हजारो वेळा बघितला असेल, मला ती कधी दिसली नव्हती. चौकटीच्या कडेला काय आहे ते बघायचं म्हणून जन्मभर सिनेमे बघणाऱ्या मला. आईला हाक मारली. तिनं चष्मा लावून बराच वेळ बघितलं. "आत्याबाईंचा असंल हात," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, बांगडी नाही दिसत. बाबूराव असतील, ते यांच्याबरोबरच असायचे सारखे." मग गप्प बसली. मूळ फोटो कुठाय विचारलं तर म्हणाली, तुझ्याकडंच दिलेला ना तू स्टुडिओत न्यायला. मी परत आणला होता का? कपाट उघडलं, ट्रंक उघडली, लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात बघितलं. ट्रंकेतनं डांबराच्या गोळ्यांचा वास आला फक्त.

तोवर भाच्यानं खुर्चीवर चढून भिंतीवरच्या फोटोचा फोटो काढला होता. खाली उतरून माझ्याशेजारी बसला. आधी दोन बोटं फाकवून तो हात मोठा केला, नखं दिसेपर्यंत, आई पुन्हा वाकून बघायला लागली. मग त्यानं तीच दोन बोटं एकमेकांकडं ओढली. अण्णा लहान झाले, फ्रेम लहान झाली, हार लहान झाला. त्यानं अजून ओढलं, काहीतरी येईल अशा तंद्रीत, आणि फोटोच्या चारी बाजूंनी काळं आलं.